पृथ्वीचा हिशेब मांडणारी शेतकऱ्याची लेक

गेल्या महिन्यातील गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही चार-पाच जण विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. आमच्यातील एका रिक्षावाल्या बांधवाची मुलगी बारावी पास झाली आहे. गणितात तिला चांगले गुण आहेत. तिला बी.एस्सी. करायचे आहे. विषय निघाला तसे वडील म्हणाले, "पोरीच्या जातीला गणित घेऊन काय करायचं? कुठं हिशेब मांडायला जाणार हाय ती? एखादा कोर्स करील, दोन वर्षांत लग्न करून टाकू."

एवढ्यात त्यांच्या मोबाईलवर भाडे आले. त्यांनी फोन रिक्षाच्या हँडलला अडकवला, नकाशा उघडला आणि ते निघाले. फोन सांगत होता, दोनशे मीटरवर डावीकडे वळा. रिक्षा डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

आम्ही ओट्यावर तसेच बसून राहिलो. ज्या गणिताचा मुलीला उपयोग नाही असे बाप म्हणत होता, त्याच गणिताच्या भरवशावर त्याची रिक्षा वळली होती. आणि त्या गणितात एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या मुलीची बेचाळीस वर्षांची नोकरी मुरलेली आहे. तिचे नाव ग्लॅडिस वेस्ट. तिची ओळख आमच्या घराघरांत झाली पाहिजे, विशेषतः ज्या घरात मुलगी बारावी झाली आहे त्या घरात, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

तंबाखूचा कारखाना आणि शाळेची वाट

ग्लॅडिसचा जन्म २७ ऑक्टोबर १९३० चा. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात डिनविडी परगण्यातील सदरलँड हे तिचे गाव. माहेरचे आडनाव ब्राऊन. आजूबाजूची बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबे गोऱ्यांच्या जमिनी वाट्याने कसणारी. ब्राऊन कुटुंबाची स्वतःची थोडी शेती होती, पण तेवढ्यावर भागत नव्हते. म्हणून बाप रेल्वेत कामाला आणि आई तंबाखूच्या कारखान्यात. विड्या वळणाऱ्या आमच्या माताभगिनींना आणि रेल्वेत आयुष्य काढलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना हे घर परके वाटणार नाही.

अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतो. पण कायद्याने बेडी तुटली तरी व्यवहारातील बेडी तुटत नाही. ग्लॅडिसच्या लहानपणी व्हर्जिनियात काळ्यांची शाळा वेगळी, बसमधील जागा वेगळी, पाण्याचा नळसुद्धा वेगळा. ज्यांनी महाडच्या चवदार तळ्याची हकीकत आजोबांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना ह्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

लहान ग्लॅडिस शेतावर राबत होती आणि शाळेलाही जात होती. शाळा सुमारे पाच किलोमीटर दूर. चालत जायचे, चालत यायचे. शेतात राबताना तिच्या मनाने एक गोष्ट पक्की घेतली, की ह्या मातीतून आणि तंबाखूच्या धुळीतून बाहेर नेणारी एकच वाट आहे, आणि ती शाळेतून जाते.

तिच्या शाळेत एक सवलत होती. वर्गात पहिल्या दोन क्रमांकांनी उत्तीर्ण होणाऱ्यांना व्हर्जिनिया स्टेट कॉलेजची शिष्यवृत्ती मिळे. ग्लॅडिसने ही गोष्ट मनात धरली आणि १९४८ साली ती वर्गात पहिली आली. कॉलेजची फी सुटली, पण राहण्या-जेवणाचा खर्च राहिलाच. तो तिने लोकांची मुले सांभाळून भागवला. विषय निवडला गणित. त्या वर्गात बहुतेक मुलगेच होते.

व्हर्जिनिया स्टेट हे कृष्णवर्णीयांसाठी काढलेले कॉलेज. १८८२ साली त्याची स्थापना झाली. गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे बंद होते तेव्हा हे दार उघडे होते. आमच्याकडे बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, पुढे औरंगाबादेस मिलिंद उभे केले. सिद्धार्थमध्ये नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. आमच्या समाजातील किती कारकून, किती शिक्षक, किती वकील त्या सकाळच्या वर्गांतून बाहेर पडले! दार उघडे असले की माणूस कुठवर जातो, हे दोन्ही देशांत एकाच काळात सिद्ध होत होते.

ही तुलना आम्ही ओढूनताणून करीत नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ह्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली आणि अस्पृश्यांची व निग्रोंची स्थिती किती सारखी आहे हे त्यात नमूद केले. डुबॉइस यांनी त्यांना उत्तरही पाठवले. ग्लॅडिस तेव्हा पंधरा वर्षांची होती.

१९५६ साल

१९५२ साली ग्लॅडिस पदवीधर झाली. दोन वर्षे शाळेत शिक्षिका म्हणून काम केले, पैसे साठवले आणि पुन्हा कॉलेजात जाऊन १९५५ साली गणिताची पुढची पदवी घेतली. त्यानंतर सरकारी नोकरीसाठी अर्ज करीत राहिली.

१९५६ साली तिला व्हर्जिनियातील डालग्रेन येथे अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन केंद्रात गणितज्ञ म्हणून नेमणूक मिळाली. तिथे नेमलेली ती दुसरी कृष्णवर्णीय स्त्री. सबंध केंद्रात तिला धरून कृष्णवर्णीय कर्मचारी चार. दोन स्त्रिया, दोन पुरुष. त्या दोघांतील आयरा वेस्ट नावाच्या गणितज्ञाशी तिने १९५७ साली लग्न केले. पुढे त्यांना तीन मुले झाली.

ते दिवस कसे होते? सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांतील रंगभेद बेकायदा ठरवला होता. त्यावर व्हर्जिनियातील राज्यकर्त्यांनी हट्ट धरला. एका परगण्यात तर काळ्या मुलांना गोऱ्यांबरोबर बसवावे लागू नये म्हणून १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सरकारी शाळांना टाळेच ठोकले. अशा राज्यात ही बाई रोज सकाळी कामावर जात होती आणि आकडे मांडत होती.

त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. कोणाच्या दयेने नव्हे, तर स्वतःच्या बुद्धीने आणि कष्टाने माणूस म्हणून उभे राहण्याचा तो मार्ग आहे. त्या दूरच्या बाईला नागपूर ठाऊक नव्हते आणि आपल्या आजोबांना डालग्रेन ठाऊक नव्हते. तरी दोघांची पावले एकाच दिशेने पडत होती.

पृथ्वी गोल नाही

आता तिचे काम काय होते ते पाहू. शाळेत आपण शिकतो की पृथ्वी चेंडूसारखी गोल आहे. ढोबळ मानाने ते खरे. पण ती मध्यभागी फुगीर आणि दोन्ही ध्रुवांकडे चपटी आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून विषुववृत्त ध्रुवापेक्षा सुमारे २१ किलोमीटर अधिक दूर आहे. शिवाय पृथ्वीच्या पोटात कुठे जड खडक, कुठे हलके. त्यामुळे तिची ओढ, म्हणजे गुरुत्वाकर्षण, जागोजागी थोडे वेगळे. जिथे ओढ जास्त तिथे समुद्राचे पाणी जमून वर येते, जिथे कमी तिथे ते खाली बसते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्राची पातळी गणिताने काढलेल्या सरासरी आकारापेक्षा सुमारे १०० मीटर खाली आहे. हा खळगा हजारो किलोमीटर पसरलेला असल्यामुळे जहाजावरच्या माणसाला तो दिसत नाही. तो सापडतो फक्त मोजणीत.

ही मोजणी उपग्रहातून होते. डोंगरासमोर हाक मारली की आवाज परत येतो. किती वेळाने आला ते मोजले तर डोंगर किती दूर ते काढता येते. तसाच उपग्रह रडारची लहर समुद्राकडे सोडतो आणि ती आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. त्यावरून पाण्याची उंची कळते. वस्तूला हात न लावता दुरून तिची माहिती मिळवण्याच्या ह्या शास्त्राला सुदूर संवेदन म्हणतात.

ऐकायला सोपे वाटते. पण समुद्राला भरती-ओहोटी आहे, लाटा आहेत. हवेतील बाष्पामुळे लहर रेंगाळते. उपग्रहसुद्धा आपल्या मार्गावरून थोडा इकडे-तिकडे होतो. ह्या सगळ्या चुका एकेक करून वजा केल्याशिवाय खरा आकडा हाती येत नाही.

आम्ही कचेरीत कारकुनी करणारी माणसे. रोजमेळ, खतावणी, ताळेबंद ह्यांत आमचे आयुष्य गेले. ताळेबंदात पाच रुपयांचा फरक आला तर तो शोधायला रात्र जाते, आणि सापडल्यावर कोणी पाठ थोपटत नाही. कारण जुळणे हीच अपेक्षा असते. ग्लॅडिस वेस्टचे काम ऐकले तेव्हा आम्हाला आमचे टेबल आठवले. फरक एवढाच, की तिच्या खतावणीत सबंध पृथ्वी होती.

सुरुवातीला ती हाताने आकडेमोड करीत असे. नंतर खोली भरून टाकणारे अवाढव्य संगणक आले. त्यांना सूचना लिहून द्यायचे आणि आलेले उत्तर तपासायचे काम तिने आत्मसात केले. १९६० नंतरच्या वर्षांत प्लूटो आणि नेपच्यून यांच्या गतीचा हिशेब मांडणाऱ्या कामात तिचा वाटा होता. सूर्याभोवती नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या दोन होतात, असा तो मेळ.

१९७८ च्या जूनमध्ये 'सीसॅट' हा समुद्राचा अभ्यास करणारा उपग्रह अवकाशात गेला. सुमारे ८०० किलोमीटरवरून तो लाटांची उंची, समुद्रावरचा वारा, पाण्याचे तापमान, बर्फ ह्यांची नोंद करीत असे. विजेच्या बिघाडामुळे तो साडेतीन महिन्यांतच बंद पडला. पण तेवढ्या काळात त्याने पाठवलेले आकडे प्रचंड होते. त्यातील रडारने मोजलेल्या उंचीच्या आकड्यांच्या कामाची प्रमुख म्हणून ग्लॅडिस वेस्टवर जबाबदारी होती. जादा तास बसून तिने आपल्या गटाला लागणारा वेळ निम्म्यावर आणला. १९७९ साली खातेप्रमुखांनी तिच्या गौरवाची शिफारस केली. त्यानंतर नौदलाच्या 'जिओसॅट' उपग्रहाचे आकडे कसे हाताळावेत ह्यावर तिने १९८६ साली मार्गदर्शक अहवाल लिहिला.

रिक्षाच्या हँडलवरचा नकाशा

ह्याचा रिक्षाशी काय संबंध? मोबाईलमधील जीपीएस म्हणजे सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांची व्यवस्था. आपला फोन एकाच वेळी किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकतो. प्रत्येक संदेश किती वेळात पोचला ह्यावरून अंतर काढतो आणि आपण कुठे आहोत ते ठरवतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो, म्हणजे रिक्षा भलत्याच गल्लीत शिरेल! आता उपग्रह नेमका कुठे आहे हे कळायला पृथ्वीची ओढ कुठे किती हे ठाऊक हवे. आणि आपली जागा नकाशावर मांडायला पृथ्वीचा खरा आकार ठाऊक हवा. तो आकार बारकाईने मांडणाऱ्यांत ग्लॅडिस वेस्ट होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जीपीएस तिने एकटीने शोधले असे काही ठिकाणी लिहिले जाते. ते खरे नाही. ब्रॅडफर्ड पार्किन्सन, रॉजर ईस्टन अशा अनेकांचे त्यात मोठे श्रम आहेत. आपल्या माणसाचा गौरव करताना अतिशयोक्ती करू नये. जे केले तेवढेच सांगितले तरी ते पुरेसे मोठे आहे. इमारतीला पाया असतो, तसा जीपीएसला पृथ्वीच्या आकाराचा हिशेब आहे. पाया घालणाऱ्यांत ती होती, आणि पाया दिसत नसतो.

समुद्राची उंची मोजण्याचे हे शास्त्र पुढे वाढत गेले. १९९३ पासूनच्या उपग्रहांच्या नोंदी सांगतात की जगातील समुद्राची पातळी सुमारे १० सेंटिमीटर वाढली आहे. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून 'सरल' नावाचा उपग्रह सोडला, तोही समुद्राची उंची मोजण्यासाठीच. पाणी चढले की आधी कोणाच्या घरात शिरते? नाल्याकाठी, खाडीकाठी, खोलगट जागेत कोण राहते? तेव्हा हे शास्त्र शिकणाऱ्यांत आमची मुले असणे ही चैन नव्हे, निकड आहे.

जुन्या काळी गावाची शीव कुठून कुठे जाते हे महाराला ठाऊक असे. शिवेचा तंटा झाला की त्याची साक्ष घेत. सबंध गावाची हद्द ज्याच्या डोक्यात, त्याचे स्वतःचे घर मात्र गावकुसाबाहेर! मोजणी आमच्या रक्ताला नवी नाही. नवे आहे ते एवढेच, की आता तिचा कागद आमच्या हाती येऊ शकतो.

उशिरा पेटलेला दिवा

नोकरी करता करता ग्लॅडिस वेस्टने प्रशासनाची आणखी एक पदवी घेतली. १९९८ साली ती निवृत्त झाली. तेव्हा डॉक्टरेटचा अभ्यास चालू होता. निवृत्तीनंतर थोड्याच महिन्यांत तिला पक्षाघाताचा झटका आला. नजर, ऐकणे, तोल, उजवी बाजू, सगळ्यांवर परिणाम झाला. पण अंथरुणात पडून राहायचे नाही, अभ्यास पुरा करायचा, असे तिने स्वतःला बजावले. २००० साली व्हर्जिनिया टेक ह्या विद्यापीठाची पीएच.डी. तिने मिळवली. तेव्हा ती सत्तरीला टेकली होती. तिशीतच "आता काय शिकायचं वय राहिलं?" म्हणणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी हे वाक्य दोनदा वाचावे.

एवढे होऊनही जगाला तिचे नाव ठाऊक नव्हते. अल्फा कप्पा अल्फा ही कृष्णवर्णीय सुशिक्षित स्त्रियांची जुनी संघटना. तिच्या एका कार्यक्रमासाठी ग्लॅडिसने आपल्याबद्दल चार ओळींचा परिचय लिहून दिला. तो वाचून तिच्याच मैत्रिणी चकित झाल्या. मग वर्तमानपत्रांत आले आणि डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने आपल्या अवकाश क्षेत्रातील अग्रणींच्या यादीत तिचे नाव घातले. २०२१ साली इंग्लंडच्या रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगने तिला प्रिन्स फिलिप पदक दिले. ते मिळवणारी ती पहिली स्त्री.

चार ओळी लिहून दिल्या नसत्या तर? आमच्याकडे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. ते झाले नसते तर त्या माउल्यांची नावे त्यांच्या राखेबरोबर गेली असती. म्हणून काम करावे, आणि ते लिहूनही ठेवावे.

आता आपल्या मुलीबद्दल

दीक्षाभूमीला आपण दरवर्षी जातो. त्याच नागपूर शहरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून राज्यातील जमीन, पाणी, पिके, जंगले ह्यांचा अभ्यास तिथे होतो. डेहराडूनला भारतीय सुदूर संवेदन संस्था आहे, मुंबईत आय.आय.टी.त ह्या विषयाचे शिक्षण मिळते. गणित, भूगोल, भूगर्भशास्त्र, संगणक, कोणत्याही वाटेने तिथवर जाता येते. पदवीच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. बौद्धांनाही ती मिळते. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून ठेवावा, एवढीच आमची विनंती. दाखल्यापायी वर्ष गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

त्या रिक्षावाल्या बांधवांना आम्ही दुसऱ्या दिवशी गाठले आणि ही सगळी हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "त्या बाईचा बाप काय करायचा म्हणालात?" आम्ही म्हटले, "थोडी शेती आणि रेल्वेत काम." ते म्हणाले, "आमचा आजा पण रेल्वेतच होता." त्यापुढे काही बोलले नाहीत. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

ग्लॅडिस वेस्टबद्दल एक गमतीची गोष्ट सांगतात. गाडीने प्रवासाला निघताना ती स्वतः मात्र कागदी नकाशाच पसंत करीत असे. रस्ता कुठे वळतो ते आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावर तिला खात्री वाटे. बाबासाहेबांनीही आम्हाला दुसऱ्याच्या सांगण्यावर वळायला शिकवले नाही. शिका, हा त्यांचा पहिला शब्द आहे.

प्रवेशाचा अर्ज मुलीने आणून ठेवला आहे. वडिलांच्या सहीची जागा अजून रिकामी आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही पेन घेऊन त्यांच्या घरी जाणार आहोत.

जयभीम!